मानवी भूगोलाचा अभ्यास आणि बेडसे परिसर

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील विद्यार्थी गुणगौरव समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. विज्ञान घ्यावे की वाणिज्य, हा त्या चर्चेचा विषय. ऐंशी-नव्वद टक्के गुण मिळविलेल्या एखाद्या मुलीने अशा वेळी ‘मला अकरावी-बारावीला भूगोल घ्यायचा आहे’ असे म्हटले, तर घरात क्षणभर शांतता पसरते. मग आजोबा विचारतात, ‘नद्या आणि पर्वत पाठ करून पुढे काय करणार?’ काका सांगतात, ‘दुकान सांभाळायचे तर भूगोल कशाला हवा?’ हे प्रश्न प्रेमापोटी विचारलेले असतात, यात शंका नाही. परंतु ज्या विषयाविषयी ते विचारले जातात, तो विषय नेमका काय आहे याची माहिती घरातील फार थोड्यांना असते. म्हणूनच आजच्या मंगल प्रसंगी बारावीच्या मानवी भूगोलाचा परिचय करून देण्याचे योजिले आहे. आणि तो दूरदेशीच्या उदाहरणांनी नव्हे, तर आपल्या मावळातील बेडसे या गावाच्या आधारे.

भूगोलाच्या दोन मुख्य शाखा मानल्या जातात. प्राकृतिक भूगोल हा भूरूपे, हवामान, जल आणि वनस्पती यांचा विचार करतो. मानवी भूगोल हा त्या भूमीवर माणूस कोठे राहतो, तेथेच का राहतो, काय पिकवितो, कोठे विकतो, केव्हा आणि कोणत्या कारणाने स्थलांतर करतो, याचा विचार करतो. फ्रेडरिक रॅटझेल या जर्मन अभ्यासकाने १८८२ मध्ये या विषयावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि या शाखेला स्वतंत्र स्थान प्राप्त झाले. निसर्ग माणसाचे जीवन ठरवितो असे मानणारा एक पक्ष पुढे आला. तर निसर्ग केवळ शक्यता पुढे ठेवतो व निवड माणूस करतो, असे प्रतिपादन विदाल द ला ब्लाश या फ्रेंच विद्वानाने केले. हा वाद आजही विद्यार्थ्याला विचार करावयास लावतो.

महाराष्ट्र राज्याच्या इयत्ता बारावीच्या भूगोलाचे नवे पाठ्यपुस्तक २०२० मध्ये आले. त्यात लोकसंख्येवर दोन प्रकरणे आहेत. त्यानंतर मानवी वस्ती व भूमी उपयोजन, प्राथमिक, द्वितीयक व तृतीयक आर्थिक क्रिया, प्रदेश व प्रादेशिक विकास आणि शेवटी भूगोलाचे स्वरूप व व्याप्ती अशी मांडणी आहे. ऐंशी गुणांची लेखी परीक्षा आणि वीस गुणांचे प्रात्यक्षिक असते. म्हणजेच बारावीचा भूगोल हा प्रामुख्याने मानवी भूगोलच होय. नद्या-पर्वतांची नावे पाठ करणे हा त्याचा गाभा नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी व गुजराती कुटुंबांतील मुले माध्यमिक शाळेतच याच विषयाचा महाविद्यालयीन दर्जाचा अभ्यासक्रम घेतात. ‘एपी ह्यूमन जिऑग्राफी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अभ्यासक्रमाची पहिली परीक्षा २००१ मध्ये झाली, तेव्हा तिला साडेतीन हजार विद्यार्थीही नव्हते. अलीकडच्या वर्षांत ही संख्या दोन लाखांच्या पुढे गेली आहे. परीक्षा पाच गुणांच्या श्रेणीवर मोजली जाते आणि तीन किंवा अधिक श्रेणी मिळाल्यास अनेक महाविद्यालये त्याचे श्रेयांक देतात. तेथील चौदा-पंधरा वर्षांची मुले लोकसंख्या व स्थलांतर, संस्कृती, राज्यव्यवस्था, शेती, नगरे आणि उद्योग या सर्वांचा एकत्र विचार करावयास शिकतात. आपल्याकडील गुणवंत मुलांना मात्र हा विषय ‘कमी गुणांच्या मुलांचा’ म्हणून टाळावयास सांगितले जाते, ही खेदाची बाब आहे.

आता बेडसे येथे जाऊ या. कामशेतच्या दक्षिणेस, इंद्रायणी आणि पवना या नद्यांच्या खोऱ्यांमधील डोंगररांगेत हे छोटे गाव वसले आहे. पायथ्याशी भातखाचरे, त्यावर उतारावरील रान आणि वर पायऱ्या चढून गेल्यावर प्राचीन बौद्ध लेणी. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास ही लेणी खोदली गेली असे मानले जाते. चैत्यगृहासमोरील खडक पूर्णपणे न काढता मध्ये अरुंद वाट ठेवलेली असल्याने, त्यापुढील उंच स्तंभ आणि त्यांच्या शिरोभागी असलेले हत्ती, घोडे व त्यांवर आरूढ झालेली स्त्रीपुरुषांची युगुले आत गेल्यावरच दृष्टीस पडतात. शेजारचा विहार अर्धवर्तुळाकार पाठीचा व कमानी छताचा आहे. असा विहार अन्यत्र क्वचितच आढळतो.

पर्यटक हे शिल्प पाहून परततो. भूगोलाचा विद्यार्थी मात्र तेथे उभा राहून विचारतो, ‘येथेच का?’ या दोन शब्दांत या विषयाचे सारे सामर्थ्य सामावलेले आहे. पहिले उत्तर खडकाचे : सह्याद्रीचा बेसाल्ट एकसंध असल्याने कोरण्यास योग्य. दुसरे उत्तर पाण्याचे : पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात टंचाई, म्हणून खडकात कोरलेली पाण्याची टाकी. तिसरे आणि महत्त्वाचे उत्तर वाटेचे. कोकणातील सोपारा, कल्याण व चौल या बंदरांवर उतरलेला माल बोरघाटाने चढून देशावरील पैठण व तेर या नगरांकडे जात असे. कार्ले, भाजे आणि बेडसे ही तीनही लेणी या वाटेच्या परिसरात आहेत.

आपल्या समाजाने आवर्जून लक्षात घ्यावी अशी गोष्ट बेडसे येथील शिलालेखात आहे. चैत्यगृहाच्या ओसरीतील लेखात नाशिकच्या आनंद नावाच्या श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याच्या दानाचा उल्लेख आहे. श्रेष्ठी म्हणजेच शेठ. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नाशिकच्या एका व्यापारी घराण्यातील पुत्र मावळातील डोंगरात दान देतो, ही वार्ता त्या काळातील व्यापाराचा पल्ला किती होता हे सांगून जाते. पाण्याच्या एका टाक्यावरील लेखात महारठी कुळातील एका स्त्रीचे दान नोंदलेले आहे. मावळातच पाले येथील लेण्यातील ब्राह्मी लेखाचा आरंभ अरिहंतांना नमन करून होतो आणि भदंत इंद्ररक्षित यांनी लेणे व पाण्याची पोढी करविल्याचे त्यात म्हटले आहे. या नमनावरून अनेक अभ्यासक तो जैन लेख मानतात आणि महाराष्ट्रातील अतिप्राचीन जैन लेखांत त्याची गणना करतात. मावळातील वाटा सर्वच श्रमण परंपरांच्या साधूंना आणि त्यांना आधार देणाऱ्या व्यापाऱ्यांना परिचित होत्या, हे यावरून स्पष्ट होते.

या वाटांवरून काय जात असे? इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, येथून साधे कापड व विविध प्रकारची मलमल भडोचच्या बंदराकडे गाड्यांतून नेली जात असल्याची नोंद आहे. कापडाच्या व्यवसायातील कुटुंबांना याचे विशेष कौतुक वाटावे. तागा मोजणाऱ्या हातांना आपल्या व्यवसायाची इतकी जुनी वाट ठाऊक असू नये, हे बरे नव्हे.

कापडाचेच उदाहरण पुढे नेऊ. आल्फ्रेड वेबर या अभ्यासकाने १९०९ मध्ये उद्योगांच्या स्थानाविषयी सिद्धांत मांडला. प्रक्रियेत ज्याचे वजन फार घटते, अशा कच्च्या मालाचा कारखाना मालाजवळ उभा राहतो. म्हणून साखर कारखाना उसाच्या शिवारात. सुताच्या बाबतीत कापसाचे वजन फारसे घटत नाही. त्यामुळे गिरणी कापसाच्या शेताजवळ असलीच पाहिजे असे बंधन उरत नाही. वऱ्हाड-खानदेशातील कापसावर मुंबईच्या गिरण्या उभ्या राहिल्या, आणि ज्या इचलकरंजीच्या भोवती ऊस पिकतो, तेथे १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसून पुढे वस्त्रनगरी वाढली. याचे एक कारण या साध्या नियमात आहे. भांडवल, मजूर, वीज, दळणवळण आणि धाडसी माणसे ही कारणे त्यात मिळविली की चित्र पूर्ण होते. वखार कोठे घ्यावी, शाखा कोणत्या गावात काढावी, याचा निर्णय व्यापारी अनुभवाने घेतो. मानवी भूगोल त्या अनुभवाला शास्त्राची बैठक देतो.

बेडसे येथील भातखाचरांतही असाच एक धडा आहे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ या वाणांच्या संकरातून ‘इंद्रायणी’ हा सुवासिक वाण विकसित केला व तो १९८७ मध्ये प्रसारित झाला. आज घराघरांत शिजणारा इंद्रायणीचा मऊ भात हा पाऊस, माती आणि संशोधन यांच्या मीलनाचे फळ आहे. योहान फॉन थ्युनेन याने १८२६ मध्ये दाखविले की शहरापासूनच्या अंतरावर जमिनीचा वापर अवलंबून असतो : जवळ दूध-भाजीपाला, त्यापलीकडे जळाऊ लाकूड, मग धान्य, मग चराऊ रान. पुण्या-मुंबईच्या मध्ये असलेल्या मावळात हे पट्टे झपाट्याने बदलत आहेत. तळेगाव परिसरात हरितगृहांतील फुलांची शेती आली, औद्योगिक वसाहत आली. आणि अनेक गावांच्या शिवारांत भाताच्या जागी शनिवार-रविवारचे बंगले दिसू लागले. जमीन विकणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती एकदा पैसा येतो, परंतु पुढच्या पिढीच्या हाती काय राहते? जमीन घेणाऱ्यांत आपल्या समाजातील मंडळीही असतात. म्हणून हा प्रश्न परका नाही.

रस्त्यांचाही धडा तितकाच उद्बोधक आहे. खंडाळा ते पुणे रेल्वे १८५८ मध्ये सुरू झाली आणि १८६३ मध्ये बोरघाटातील चढणीचा मार्ग पूर्ण होऊन मुंबई-पुणे जोडले गेले. कामशेत, वडगाव, तळेगाव येथे स्थानके झाली व त्यांभोवती बाजारपेठा वाढल्या. पवन मावळ आणि नाणे मावळातील खेड्यांना मीठ, कापड, अवजारे पुरविणारे कामशेत हे वॉल्टर ख्रिस्टालर याने १९३३ मध्ये मांडलेल्या ‘मध्यवर्ती स्थाना’चे उत्तम उदाहरण होय. पुढे २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे सुरू झाला. हा मार्ग मावळातून जातो; परंतु ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येत असल्याने कडेच्या गावाला तो दिसतो, उपयोगी पडतोच असे नाही. अंतर जवळ असणे आणि पोहोच असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हे ज्याला कळले, त्याला दुकानाच्या जागेची निवड वेगळी शिकवावी लागत नाही.

आता पाण्याकडे वळू या. मावळात पाऊस विपुल पडतो आणि धरणेही आहेत. लोणावळा परिसरातील टाटांच्या जलाशयांच्या पाण्यावर खोपोली येथे १९१५ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली. पवना धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडच्या वाढत्या नगरीची तहान भागविते. परंतु ज्या खोऱ्यात धरण होते, तेथील माणसाचे काय, हा प्रश्न मानवी भूगोल टाळत नाही. पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून शहराकडे नेण्याच्या योजनेला मावळातील शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊर येथे झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन आंदोलक मृत्युमुखी पडले. शहरातील नळ उघडणारा आणि खोऱ्यातील शेतकरी हे एकाच पाण्याचे दोन काठ आहेत. दोन्ही काठांवर उभे राहून पाहण्याची सवय या विषयामुळे लागते. अनेकांताची शिकवण ज्या समाजाला लाभली, त्याला या दृष्टीचे मोल सांगावयास नको.

स्थलांतर हे मानवी भूगोलाचे आणखी एक महत्त्वाचे प्रकरण. रॅव्हन्स्टाइन याने १८८५ मध्ये स्थलांतराविषयी काही नियम मांडले. बहुतेक माणसे जवळच्या अंतरावर जातात, दूर जाणारे मोठ्या व्यापारी केंद्रांकडे ओढले जातात, आणि जवळच्या अंतरावर पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक स्थलांतर करतात. भारतात विवाहामुळे होणारे स्त्रियांचे स्थलांतर आजही सर्वांत मोठे आहे. मारवाड आणि गुजरातेतून महाराष्ट्रात आलेल्या व्यापारी कुटुंबांचा इतिहास या प्रकरणात बसवून पाहिला, तर घरातील वृद्धांच्या आठवणींना शास्त्राची भाषा मिळते. अवर्षण आणि मर्यादित उपजीविका हे ढकलणारे कारण. नवी पेठ, रेल्वेचे स्थानक आणि आधी आलेल्या नातलगाचा आधार हे ओढणारे कारण.

या इतिहासाचे सर्वच पान गौरवाचे नाही, हेही विद्यार्थ्याने वाचले पाहिजे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात भारतीय कापसाचे भाव चढले आणि शेतकऱ्याला कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले, कर्ज मिळणे आखडले आणि त्यातच सरकारने सारा वाढविला. अखेर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी गुजर-मारवाडी सावकारांची दुकाने व घरे यांवर हल्ला करून कर्जाचे कागद जाळले, आणि हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील गावांत पसरले. पुढे १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. दोष एकट्या सावकाराचा नव्हता. दूरदेशीचे युद्ध, सरकारी सारा आणि पावसाची लहर ही सर्व कारणे त्यात गुंतलेली होती. तथापि ज्या भूमीने आसरा दिला, तेथील माणसाशी व्यवहार कसा असावा, हा बोध त्यातून निश्चित घ्यावा लागतो.

लोकसंख्येच्या प्रकरणात तर आपल्या समाजाने आरशात पाहावे अशी आकडेवारी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे साडेचव्वेचाळीस लाख जैन होते आणि त्यांपैकी सुमारे चौदा लाख महाराष्ट्रात. साक्षरतेत हा समाज देशातील प्रमुख धर्मसमूहांत सर्वांत पुढे होता, ही अभिमानाची गोष्ट. परंतु त्याच जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात जैन समाजात हजार मुलग्यांमागे केवळ ८८९ मुली होत्या. देशाची सरासरी ९१८ च्या आसपास होती. अहिंसा हा ज्यांचा परमधर्म, त्यांच्या घरात मुली कमी का जन्मतात? साक्षरता आणि संपन्नता यांनी हा प्रश्न सुटलेला नाही. दुसरीकडे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जैन समाजाचा एकूण जननदर १.६ आढळला. दोनपेक्षा कमी अपत्ये म्हणजे पुढील काळात वृद्धांची संख्या वाढणार आणि त्यांना सांभाळणारे हात कमी होणार. बारावीची विद्यार्थिनी लोकसंख्येचा मनोरा काढावयास शिकते. तिने आपल्या संघाचा मनोरा काढून विश्वस्तांपुढे ठेवला, तर धर्मशाळा बांधावी की वृद्धांसाठी सोय करावी, याचे उत्तर त्या आकृतीतच मिळेल.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे वळू : ‘पुढे काय करणार?’ नगररचना, जनगणना, नकाशाशास्त्र, भौगोलिक माहिती प्रणाली, पर्यावरण अहवाल, विमा, मालवाहतूक, किरकोळ व्यापाराच्या साखळ्या आणि अध्यापन या क्षेत्रांत भूगोलाच्या पदवीधरांना वाव आहे. प्रशासकीय सेवांच्या परीक्षांत भूगोल हा अनेकांच्या पसंतीचा विषय आहे. अर्थात, वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी ज्याला मनापासून करावयाचे आहे, त्याने ते अवश्य करावे. भूगोल सर्वांनीच घ्यावा असा आग्रह नाही. ज्याला या विषयाची ओढ आहे, त्याला केवळ ‘लोक काय म्हणतील’ या भयाने त्यापासून परावृत्त करू नये, एवढेच विनम्र सांगणे आहे. जो मुलगा पुढे दुकानातच बसणार आहे, त्यालाही गिऱ्हाईक कोठून येते, का येते आणि उद्या येणे का थांबेल, हे समजणे हिताचेच आहे.

या निमित्ताने ट्रस्टपुढे तीन सूचना ठेवाव्याशा वाटतात. पहिली, शिष्यवृत्तीच्या यादीत विज्ञान व वाणिज्य यांच्याबरोबर भूगोलासह कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही समान स्थान द्यावे. दुसरी, दरवर्षी दिवाळीनंतर अकरावी-बारावीच्या मुलामुलींची एक दिवसाची अभ्याससहल बेडसे येथे न्यावी. सकाळी लेणी आणि शिलालेख, दुपारी गावात भूमी उपयोजनाचा नकाशा, सायंकाळी कामशेतच्या बाजारात कोणत्या गावाचे गिऱ्हाईक येते याची नोंद, असा कार्यक्रम असावा. गावकऱ्यांची संमती घेऊन, त्यांचा वेळ वाया न घालविता आणि संरक्षित स्मारकावर एक ओरखडाही न उठविता हे काम व्हावे. तिसरी, तयार झालेले नकाशे व तक्ते केवळ प्रदर्शनात न लावता त्यांची एक प्रत गावाच्या ग्रामपंचायतीला द्यावी. ज्यांच्याकडून माहिती घेतली, त्यांना ती परत करणे हाही अस्तेयाचाच एक अर्थ आहे.

नाशिकच्या श्रेष्ठिपुत्राने बेडसे येथे दान दिले, म्हणून त्याचे नाव दोन सहस्र वर्षे टिकले. आज दान देणाऱ्यांनी एखाद्या विद्यार्थ्याच्या या शिक्षणाला हातभार लावावा. येत्या जूनमध्ये प्रवेशअर्ज भरताना ज्या घरातील मुलगी भूगोलाचे नाव घेईल, त्या घरातील वडीलधाऱ्यांनी तिला एकच विचारावे, ‘बेटा, तुला त्यात काय शिकायचे आहे?’ आणि तिचे उत्तर संपेपर्यंत ऐकून घ्यावे.